आलेल्या ई-मेलची वर्गवारी : बारनिशीचे जुने काम, नवे साधन

चंद्रपूरपासून सुमारे ३० किलोमीटर अंतरावर, इरई जलाशयाच्या काठाजवळ वसलेले मोहर्ली हे गाव ताडोबाच्या जंगलाचे प्रवेशद्वार म्हणून सर्वपरिचित आहे. १९५५ मध्ये घोषित झालेले ताडोबा हे महाराष्ट्रातील पहिले राष्ट्रीय उद्यान. पुढे अंधारी अभयारण्यासह त्याचा व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१० मध्ये त्याभोवतीचे बफर क्षेत्र अधिसूचित करण्यात आले. भद्रावती तालुक्यातील या लहानशा गावाचा संबंध त्यामुळे अनेक कार्यालयांशी येतो. पंचायत समिती व जिल्हा परिषद, तहसील व जिल्हाधिकारी कार्यालय, वन परिक्षेत्र व व्याघ्र प्रकल्पाचे क्षेत्र संचालक, शिक्षण, आरोग्य व पर्यटन अशा अनेक यंत्रणांचा पत्रव्यवहार अशा गावी एकवटतो. यातील बराचसा पत्रव्यवहार आता ई-मेलने होऊ लागला आहे.

कागदी टपाल येत असे तेव्हा ते किती आहे हे डोळ्यांना दिसत असे. टेबलावरचा ढीग वाढला की कारकुनास त्याची जाणीव होई. ई-मेलचा ढीग मात्र दिसत नाही. शंभर परिपत्रके, स्मरणपत्रे, संगणकाने आपोआप धाडलेल्या सूचना आणि जाहिराती यांच्या खाली एखाद्या शेतकऱ्याचे चार ओळींचे पत्र गेले, तर ते तेथे आहे हेच कोणाला कळत नाही. जंगलालगतच्या गावात त्या चार ओळी एखाद्या गुराख्याच्या गायीसंबंधी असू शकतात, किंवा शाळेच्या वाटेवर दिसलेल्या बिबट्यासंबंधीही असू शकतात.

आलेली पत्रे प्रेषकानुसार आपोआप वेगळी करण्याची सोय बहुतेक सर्व ई-मेल सेवांमध्ये उपलब्ध आहे. ही सोय कशी वापरावी, तिच्या मर्यादा कोणत्या आणि तिच्यामुळे एखादे पत्र दडून राहू नये म्हणून कोणती दक्षता घ्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वर्गवारीची आपली परंपरा

टपालाची वर्गवारी हा विषय आपल्या प्रशासनाला नवा नाही. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिन कोड पद्धती सुरू झाली. तिचे श्रेय टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्याकडे जाते. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या लिपींत लिहिलेले पत्ते आणि अपुरी माहिती यांमुळे पत्रांची वाट चुकत असे. सहा अंकांनी ही अडचण बव्हंशी दूर केली. चंद्रपूरचा ४४२४०१ हा क्रमांक पाहिला तर ही रचना ध्यानात येते. पहिला ४ हा आकडा पश्चिम व मध्य भारतातील विभागाचा, ४४ हे दोन अंक विदर्भाचे, ४४२ हे तीन अंक वर्धा, चंद्रपूर व गडचिरोली या भागाच्या वर्गवारीचे आणि उरलेले तीन अंक प्रत्यक्ष वाटप करणाऱ्या डाकघराचे. वर्गवारी करणाऱ्यास पत्र उघडावे लागत नाही, गाव ठाऊक असण्याचीही आवश्यकता नसते. अंक वाचला की थैली ठरते.

टपाल खाते पत्र ज्याला जावयाचे त्यावरून वर्गवारी करते. कार्यालयात पोहोचल्यावर मात्र सर्वच पत्रे एकाच नावाने आलेली असतात. तेथे प्रश्न असतो तो पत्र कोणाकडून आले याचा. म्हणूनच आपल्या बारनिशीत बसणारा अनुभवी कारकून लिफाफ्यावरील शिक्का पाहूनच पत्र कोणत्या टेबलाचे हे ओळखत असे. आवक नोंदवहीत क्रमांक घालावयाचा, शिक्का मारावयाचा, संबंधित कार्यासनाचे नाव लिहावयाचे आणि पत्र पुढे द्यावयाचे, हा त्याचा नित्यक्रम. पुढे प्रत्येक टेबलावर सहा गठ्ठ्यांची पद्धत येते. प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिक विवरणपत्रे, स्थायी आदेश, अभिलेख कक्षाकडे पाठवावयाची प्रकरणे आणि नाश करावयाचे कागद असे हे गठ्ठे असतात. १९८० च्या दशकात तत्कालीन अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयीन कामकाजात व दप्तराच्या मांडणीत ज्या सुधारणा केल्या, त्या 'लखिना पॅटर्न' या नावाने राज्यभर ओळखल्या गेल्या. कागद जागच्या जागी असेल तर नागरिकास हेलपाटे पडत नाहीत, हे त्यामागील साधे सूत्र होते.

ई-मेलचे नियम म्हणजे हेच बारनिशीचे काम यंत्राकडे सोपविणे होय. रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १९७१ मध्ये एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र पाठविताना '@' हे चिन्ह योजले. या चिन्हाच्या आधी व्यक्तीचे वा पदाचे नाव आणि नंतर तिच्या संस्थेचे नाव अशी पत्त्याची रचना तेव्हापासून रूढ झाली. पत्रांची संख्या वाढली तशी ती निवडण्याची गरजही भासू लागली. १९८० च्या दशकात मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील थॉमस मेलोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी, वापरणाऱ्याने स्वतःच नियम लिहावेत आणि संगणकाने त्यानुसार पत्रे निवडावीत, अशी व्यवस्था तयार करून दाखविली. जानेवारी २००१ मध्ये असे नियम लिहिण्यासाठी एक प्रमाणित भाषा प्रसिद्ध झाली. तिला दिलेल्या इंग्रजी नावाचा अर्थ 'चाळणी' असा आहे. आपल्या घरातील चाळणीप्रमाणेच तिचेही काम छिद्रांच्या आकारावर अवलंबून असते. छिद्रे कशी पाडावयाची हे मात्र माणसालाच ठरवावे लागते.

नियमाचे स्वरूप

ई-मेलच्या प्रत्येक नियमाचे दोन भाग असतात. पहिला भाग अटीचा आणि दुसरा कृतीचा. "पत्र अमुक पत्त्यावरून आले असेल" ही अट, आणि "ते अमुक फोल्डरमध्ये ठेवावे" ही कृती. अट प्रेषकाच्या पत्त्यावर, विषयाच्या ओळीवर, पत्रातील शब्दांवर किंवा सोबत जोडपत्र आहे किंवा नाही यावर बेतता येते. कृतीमध्ये पत्र फोल्डरमध्ये हलविणे, त्यावर खूण वा लेबल लावणे, ते दुसऱ्या पत्त्यावर पाठविणे, वाचलेले म्हणून दाखविणे किंवा नष्ट करणे असे पर्याय असतात.

नियम तयार करण्याची रीत थोड्याफार फरकाने सर्वत्र सारखीच असते. संगणकावर आपले ई-मेल खाते उघडून 'सेटिंग'मध्ये जावे. तेथे 'फिल्टर' किंवा 'रूल्स' या नावाचा विभाग सापडतो. नवा नियम निवडून प्रेषकाच्या रकान्यात त्याचा पूर्ण पत्ता भरावा. एखाद्या कार्यालयाच्या सर्व पत्त्यांसाठी एकच नियम करावयाचा असल्यास '@' या चिन्हापुढील भाग तेवढा भरावा. त्यानंतर कृती निवडावी आणि नियम जतन करावा. बहुतेक सेवांमध्ये हा नियम जुन्या पत्रांनाही लावून पाहण्याची सोय असते. तिचा उपयोग अवश्य करावा. मागील महिन्याची पत्रे नव्या नियमाने कोठे गेली असती हे पाहिले, की नियमातील चूक पत्र हरविण्यापूर्वीच लक्षात येते.

नियम दोन ठिकाणी राहू शकतो. काही नियम ई-मेल सेवेच्या मुख्य संगणकावर म्हणजे सर्व्हरवर असतात, तर काही आपल्या टेबलावरील संगणकातील कार्यक्रमात असतात. पहिल्या प्रकारचे नियम आपला संगणक बंद असतानाही चालू राहतात. दुसऱ्या प्रकारचे नियम संगणक सुरू असेपर्यंतच काम करतात. वीज व जोडणी यांचा भरवसा नसलेल्या वनालगतच्या गावांनी शक्यतो सर्व्हरवरील नियमच वापरावेत. अन्यथा दोन दिवसांनी जोडणी आल्यावर न निवडलेली सर्व पत्रे एकदम समोर येतील.

प्रेषकांची यादी प्रथम, नियम नंतर

नियम करण्यापूर्वी एक काम कागदावरच करावयास हवे. गेल्या दोन महिन्यांत कोणाकोणाकडून पत्रे आली याची यादी करावी आणि प्रत्येक प्रेषकापुढे दोन प्रश्न लिहावेत. हा प्रेषक साधारणतः काय पाठवितो? आणि त्याचे पत्र एक दिवस वाचले गेले नाही तर कोणाचे काय नुकसान होईल? समजा मोहर्लीसारख्या गावाच्या ग्रामपंचायतीने अशी यादी केली, तर ती साधारणपणे पुढीलप्रमाणे होईल.

१. पंचायत समिती, जिल्हा परिषद, तहसील व जिल्हाधिकारी कार्यालय : परिपत्रके, माहितीची मागणी, बैठकांच्या सूचना, नागरिकांचे वर्ग झालेले अर्ज. नियमाने स्वतंत्र फोल्डर करावा, परंतु तो रोज उघडावा.

२. वन परिक्षेत्र कार्यालय व व्याघ्र प्रकल्प : वन्यप्राण्यांच्या हालचालींच्या सूचना, वणवाविषयक पत्रे, नुकसानभरपाईचा पत्रव्यवहार. ही पत्रे हलवू नयेत. त्यांवर ठळक खूण लावून ती इनबॉक्समध्येच ठेवावीत.

३. शासकीय संकेतस्थळांवरून व बँकांकडून आपोआप येणाऱ्या सूचना : स्वतंत्र फोल्डर करावा व तो आठवड्यातून दोनदा पाहावा.

४. पर्यटनविषयक विचारणा : गाभा क्षेत्रातील पर्यटन पावसाळ्यात बंद असते आणि ऑक्टोबरपासून पर्यटकांची वर्दळ सुरू होते. त्या सुमारास अशी पत्रे वाढतात. नेहमीच्या व्यावसायिक प्रेषकांसाठी स्वतंत्र फोल्डर करावा.

५. विक्रेते, जाहिराती, वार्तापत्रे : स्वतंत्र फोल्डर करावा. वार्तापत्र नको असल्यास ते बंद करण्याची विनंती करावी.

६. गावकरी, पालक, महिला बचत गट व इतर नागरिक : यांच्यासाठी कोणताही नियम करू नये.

यादीतील शेवटची नोंद वाचकांस कदाचित आश्चर्याची वाटेल. ज्यांची पत्रे सर्वांत महत्त्वाची, त्यांच्यासाठीच नियम का नसावा? कारण असे, की नागरिकाचा पत्ता आपल्याला आधी ठाऊक नसतो. तो मुलाच्या मोबाइलवरून, शेजाऱ्याच्या खात्यावरून किंवा सेवा केंद्रातून लिहितो. आयुष्यात तो कार्यालयाला एकदाच ई-मेल करील. अशा प्रेषकाला यंत्र ओळखू शकत नाही. म्हणून जे ओळखीचे आणि वारंवार लिहिणारे आहेत, त्यांची पत्रे नियमाने आपापल्या जागी जाऊ द्यावीत. मग इनबॉक्समध्ये जे उरेल ते बहुधा अनोळखी माणसाचे असेल आणि तेच सकाळी प्रथम वाचले जाईल. महत्त्वाच्या पत्रांना बाजूला काढण्याची कल्पना सहज सुचते, परंतु लहान कार्यालयात नेहमीच्या पत्रांना बाजूला काढणे अधिक हिताचे ठरते.

शाळेलाही हेच सूत्र लागू पडते. गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख आणि शैक्षणिक संकेतस्थळे यांच्या पत्रांना फोल्डर द्यावेत. पालकांची पत्रे इनबॉक्समध्येच राहू द्यावीत.

फोल्डरमधील पत्रही पोहोचलेलेच असते

नियमाने पत्र दुसऱ्या फोल्डरमध्ये गेले म्हणून कार्यालयाची जबाबदारी पुढे ढकलली जात नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम १३ नुसार, वेगळे काही ठरलेले नसल्यास, कार्यालयाने टपालासाठी नेमून दिलेल्या संगणकीय पत्त्यावर इलेक्ट्रॉनिक पत्र दाखल झाले की ते पोहोचले असे मानले जाते. ते कोणी उघडले किंवा नाही, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही.

मुदतीही या क्षणापासूनच मोजावयाच्या, असे समजून चालणे योग्य. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार अर्ज इलेक्ट्रॉनिक साधनानेही करता येतो. माहिती ३० दिवसांत आणि व्यक्तीच्या जीविताशी वा स्वातंत्र्याशी संबंधित असल्यास ४८ तासांत द्यावी लागते. मागितलेली माहिती दुसऱ्या प्राधिकरणाकडे असेल, तर अर्ज ५ दिवसांच्या आत तिकडे वर्ग करावा लागतो. आठवड्यातून एकदा उघडल्या जाणाऱ्या फोल्डरमध्ये असा अर्ज गेला, तर हे ५ दिवस अर्ज वाचण्यापूर्वीच संपतात.

शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा २००५ चा अधिनियमही येथे स्मरणात ठेवावयास हवा. सर्वसाधारणपणे कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांहून अधिक काळ प्रलंबित राहू नये, तातडीच्या नस्तीचा निर्णय शक्यतो चार दिवसांत आणि अतितातडीच्या नस्तीचा त्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी सकाळी व्हावा, असे त्याचे बंधन आहे.

वनालगतच्या गावांत तर काही मुदती नागरिकांवरही असतात. वन्यप्राण्याने पाळीव जनावर मारल्यास त्याची खबर ४८ तासांच्या आत वन कार्यालयास द्यावी लागते. शेतकऱ्याने वेळेत ई-मेल केला, पण तो ग्रामपंचायतीच्या किंवा अन्य कार्यालयाच्या एखाद्या फोल्डरमध्ये पडून राहिला, तर पंचनाम्यास उशीर होतो. तोपर्यंत पुरावा राहत नाही आणि नुकसान गरीब माणसाचे होते. अशी खबर ई-मेलने आली तरी वनरक्षकास वा परिक्षेत्र कार्यालयास दूरध्वनीने तत्काळ कळवावे, अशी शिस्त प्रत्येक ग्रामपंचायतीने घालून घ्यावी.

अपवादाचा नियम

केवळ प्रेषकावरून केलेल्या वर्गवारीत एक मोठी उणीव राहते. एकच प्रेषक साधे परिपत्रकही पाठवितो आणि तातडीचे पत्रही पाठवितो. तहसील कार्यालयाकडून आलेल्या दहा पत्रांपैकी नऊ नेहमीची असतील, दहावे मात्र एखाद्या नागरिकाचा अर्ज पुढे पाठविणारे असेल. यासाठी प्रेषकाच्या नियमाला शब्दांच्या अपवादाची जोड द्यावी. विषयात किंवा मजकुरात 'तातडीचे', 'वाघ', 'बिबट', 'हल्ला', 'पंचनामा', 'नुकसानभरपाई', 'माहितीचा अधिकार', 'वणवा' असे शब्द असतील, तर प्रेषक कोणीही असो, पत्र इनबॉक्समध्येच राहावे आणि त्यावर खूण लागावी.

या शब्दांची यादी करताना आपल्या लोकांची लिहिण्याची रीत ध्यानात घ्यावी लागते. मोबाइलवर अनेकजण मराठी मजकूर रोमन अक्षरांत लिहितात आणि 'वाघ' हा शब्द रोमन लिपीत तीन-चार प्रकारांनी लिहिला जातो. काहीजण इंग्रजी शब्दच वापरतात. ही सर्व रूपे यादीत घालावीत. त्याचप्रमाणे जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकात लिहिलेला मजकूर संगणकाला मराठी शब्द म्हणून ओळखता येत नाही. कागदाचे छायाचित्र जोडलेले असेल तर त्यातील अक्षरेही अशा साध्या नियमाला वाचता येत नाहीत. म्हणून ई-मेल पाठविणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने विषयाची ओळ युनिकोड मराठीत आणि नेमकी लिहावी. केवळ 'पत्र' किंवा 'जोडपत्र पाहावे' असा विषय लिहिणारे कार्यालय दुसऱ्या कार्यालयाची वर्गवारी निकामी करते.

नियमांना क्रम असतो. काही सेवांमध्ये वरचा नियम प्रथम लागू होतो आणि "यापुढील नियम लावू नयेत" अशी सूचना देता येते. तेथे अपवादाचा नियम सर्वांत वर ठेवावा. काही सेवांमध्ये मात्र सर्व नियम एकत्रच लागू होतात. तेथे "हे शब्द नसतील तरच हलवावे" अशी अट प्रत्येक नियमातच लिहावी लागते.

प्रेषक खरा कशावरून?

लिफाफ्याच्या मागे प्रेषक म्हणून कोणाचेही नाव लिहिता येते. ई-मेलचेही तसेच आहे. पत्रावर दिसणारे नाव पाठविणाऱ्याने स्वतः लिहिलेले असते. 'जिल्हाधिकारी कार्यालय' असे नाव धारण करून एखादा भामटा खाजगी पत्त्यावरून पत्र धाडू शकतो. म्हणून नियम दिसणाऱ्या नावावर कधीही करू नये. तो पूर्ण पत्त्यावर करावा. शासकीय पत्ता ओळखताना 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' ही अक्षरे पत्त्याच्या अगदी शेवटी आहेत किंवा नाहीत हे पाहावे. ती पत्त्याच्या मध्येच असून पुढे आणखी काही लिहिलेले असेल, तर तो पत्ता शासकीय नव्हे.

पाठविणारा संगणक त्या संस्थेने अधिकृत केलेला आहे काय, आणि पत्रात वाटेत बदल झाला आहे काय, हे पडताळण्याच्या तांत्रिक पद्धती आता ई-मेल सेवा वापरतात. ही पडताळणी न झालेली पुष्कळशी पत्रे स्पॅममध्ये जातात. तथापि स्पॅमवर डोळे झाकून विसंबू नये. अनोळखी नागरिकाचे प्रामाणिक पत्रही तेथे जाऊन पडते. जीमेल सेवेत स्पॅममधील पत्रे ३० दिवसांनंतर आपोआप नष्ट होतात. म्हणून आठवड्यातून दोनदा तरी हा फोल्डर पाहावा. त्यातील दुव्यांना व जोडपत्रांना मात्र हात लावू नये. आर्थिक फसवणूक झाल्याचे आढळल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.

काय करू नये

नियमांच्या उपयोगाइतकेच त्यांचे दुरुपयोगही जाणून घेणे इष्ट. पुढील गोष्टी कार्यालयाने कटाक्षाने टाळाव्यात.

प्रेषक पाहून पत्र आपोआप नष्ट करण्याचा नियम करू नये. आज जाहिराती धाडणारा उद्या देयकासंबंधी कायदेशीर नोटीसही धाडू शकतो. वारंवार तक्रारी करणाऱ्या नागरिकाचा पत्ता तर अशा नियमात कदापि घालू नये. त्याच्या दहा तक्रारी निरर्थक असल्या तरी अकरावी वाचणे हे कार्यालयाचे कर्तव्य आहे.

पत्र आपोआप 'वाचलेले' म्हणून दाखविण्याचा नियमही करू नये. न वाचलेल्या पत्रांची ठळक अक्षरे हीच काय ती आठवण करून देणारी खूण असते. शासकीय टपाल आपोआप कोणाच्या खाजगी पत्त्यावर जाईल असा नियम करणे हे गोपनीयतेच्या दृष्टीने धोक्याचे आहे. फोल्डर फार वाढविणेही बरे नव्हे. सहा गठ्ठ्यांनी जर एका टेबलाचे काम चालते, तर लहान कार्यालयास वीस फोल्डर कशास हवेत?

मोबाइलवर ई-मेल पाहणाऱ्यांनी आणखी एक बाब लक्षात ठेवावी. अनेक फोनमध्ये केवळ इनबॉक्समध्ये आलेल्या पत्राचीच सूचना वाजते. नियमाने थेट फोल्डरमध्ये गेलेले पत्र निःशब्दपणे येते. म्हणून ज्या प्रेषकाच्या पत्राची सूचना हवी असेल, त्याचे पत्र हलवू नये, त्यावर खूण तेवढी लावावी.

नियमांचीही नोंदवही हवी

यंत्राने केलेली वर्गवारी डोळ्यांआड घडते. ती करणारा कर्मचारी बदलून गेला की त्याचे नियम कोणालाच ठाऊक राहत नाहीत, परंतु ते काम करीतच राहतात. म्हणून नियमांची एक साधी नोंदवही ठेवावी. नियमाचा क्रमांक, प्रेषक, अट, कृती, केल्याचा दिनांक, कारण आणि तो फोल्डर कोणी व केव्हा पाहावयाचा, एवढे रकाने पुरेत. ग्रामपंचायत अधिकारी, मुख्याध्यापक वा परिक्षेत्र अधिकारी यांची बदली होईल तेव्हा कार्यभाराबरोबर ही नोंदवहीही सोपवावी. खातेही व्यक्तीच्या नावे न ठेवता पदाच्या नावे असावे, म्हणजे माणूस बदलला तरी पत्ता आणि त्याचे नियम कायम राहतात.

महिन्यातून एकदा, मासिक सभेच्या सुमारास, या नियमांची तपासणी करावी. एखाद्या कार्यालयाने आपला पत्ता बदलला असेल तर जुना नियम आंधळा होतो. एखादा प्रेषक पूर्वी केवळ जाहिराती पाठवीत असेल आणि आता कामाची पत्रे पाठवू लागला असेल. प्रत्येक फोल्डरमधील सर्वांत जुने न वाचलेले पत्र कोणत्या तारखेचे आहे, एवढे पाहिले तरी वर्गवारीची प्रकृती कळते. ती तारीख आठवड्यापूर्वीची असेल, तर पत्रे वर्ग झाली पण कामे झाली नाहीत असा त्याचा अर्थ होतो.

ई-मेलने आलेल्या महत्त्वाच्या पत्राची नोंद आवक नोंदवहीत, अथवा ई-ऑफिस प्रणाली असेल तेथे त्या प्रणालीत, पूर्वीप्रमाणेच व्हावयास हवी. पत्रास क्रमांक मिळाला आणि तो अर्जदारास कळविला, तरच त्यास पुढे विचारणा करता येते. 'आपले पत्र मिळाले' असे आपोआप उत्तर देण्याची सोय उपयुक्त आहे. मात्र त्या उत्तरात कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक आणि तातडीच्या प्रसंगी कोणाशी संपर्क साधावा, हे अवश्य लिहावे.

यंत्राचे काम आणि माणसाचे काम

पिन कोडने पत्र योग्य डाकघरापर्यंत नेले, परंतु ते घरोघरी पोहोचविण्याचे काम पोस्टमनच करीत राहिला. ई-मेलच्या नियमांचेही असेच आहे. प्रेषक पाहून पत्र योग्य जागी ठेवणे एवढेच यंत्र करू शकते. पत्रातील निकड ओळखणे, ती योग्य माणसापर्यंत पोहोचविणे आणि उत्तर देणे ही कामे पूर्वीइतकीच आपल्याकडे आहेत. उलट नेहमीच्या पत्रांच्या वर्गवारीत जाणारा वेळ वाचल्याने ती अधिक चांगल्या रीतीने करता यावयास हवीत.

येत्या पंधरवड्यात प्रत्येक ग्रामपंचायतीने, शाळेने व लहान कार्यालयाने आपल्या प्रेषकांची यादी करावी, तीन-चार नियमांनी प्रारंभ करावा आणि महिन्याने त्यांचा आढावा घ्यावा. मोठ्या कार्यालयांनीही आपली पत्रे एकाच निश्चित पत्त्यावरून व स्पष्ट विषयासह पाठवून खालच्या कार्यालयांचे काम सुकर करावे. मोहर्लीसारख्या गावातील गुराख्याने रात्री पाठविलेले चार ओळींचे पत्र सकाळी कार्यालय उघडताच सर्वांत वर दिसू लागले, म्हणजे या नियमांचे सार्थक झाले असे समजावे.